विचारायचं नाही

१० मार्च, सोमवार

आज मला "सुरक्षित जागा" व्हायला सांगितलंय. म्हणजे मी आता बायको नाही, जागा. लाहू त्या जागेत येऊन बसणार. वाटलं तर बोलणार, नाही वाटलं तर नाही. जागेनं काही विचारायचं नाही.

घोलवडला चिकूच्या वाडीत किंजलबेनचं केंद्र आहे. शरीर, मन, श्वास, जेवण, झोप, सगळं एकदम बरं करतात. मुंबईची माणसं पैसे भरून येतात आणि अनवाणी फिरतात. आम्ही जन्मभर अनवाणी फिरलो, आम्हाला कोणी काही बरं झालं म्हटलं नाही. पाकिस्तानातून सुटून आलेल्या खलाशांना मात्र तिथे फुकट. कुठल्यातरी कंपनीने पैसे दिलेत. आमच्या बाजूचा असा सध्या एकटा लाहू, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा जीव. न्यायला गंजाडपर्यंत गाडी येते.

समुपदेशन करते ती वर्षा मॅडम. डहाणूची, खाडीकडची. वाईट नाही बाई. खुर्ची सोडून खाली चटईवर बसते, हळू बोलते. मला म्हणाली, "संगीताताई, चार वर्षं लोकांनी त्याला फक्त प्रश्नच विचारलेत. आता घरात तरी प्रश्न नकोत."

पटण्यासारखं आहे. पण मला एकच विचारायचंय. माझा भाऊ कुठे आहे?

११ मार्च

मॅडमनी मलाही एक वही दिलीय, पिंपळपान छापलेली. मनातलं उतरवा म्हणे. ती दर आठवड्याला दाखवायची असते, म्हणून तिच्यात मी शहाण्यासारखं लिहिते — आज चिमण्या पाहिल्या, आज मन शांत होतं. खरं ते इथे, अंगणवाडीतल्या उरलेल्या कागदांवर. सेविका असल्याचा तेवढा फायदा.

तर खरं. चार वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर लाहू आणि सुदाम वेरावळला बोटीवर गेले. आमच्याकडचे पुरुष जातातच. सुदाम माझ्या पाठचा भाऊ. तो पहिल्यांदाच जात होता, लाहूनेच नेला. आईने लाहूच्या हातात त्याचा हात दिला होता. लाहूचा फोन आला — दोघं आहोत, बोट सुटते. त्यानंतर पंधरवड्यात पाकिस्तानने बोट धरली. धरलेल्यांची नावं आली ती सहा. लाहूचं होतं. सुदामचं नव्हतं. बोटीचा शेठ म्हणाला, मी सात जणांना उचल दिली, सातजण गेले असणार, पुढचं मला काय ठाऊक. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, अजून तिकडच्या तुरुंगातच आहे. बाकीचे दीवकडचे, त्यांचा पत्ता कोणाला नाही.

मग कोणी म्हणालं, धरताना पाण्यात पडला. कोणी म्हणालं, नाव चुकून राहिलं असेल, सुटेल तेव्हा येईल. आई आणि चिमी — चिमी म्हणजे सुदामची बायको — त्या दुसऱ्या बोलण्याला धरून राहिल्या.

फेब्रुवारीत लाहू आला. आई त्याच्या गळ्यात पडली. पडल्या पडल्या त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. मागे कोणी नव्हतं.

"माझा?" एवढंच म्हणाली. लाहू खाली बसला.

तेव्हापासून सुदामचं नाव निघालं की तो उठून बांधावर जातो. इतर वेळी हो, नाय, बरं. हे तीन शब्द घेऊन आलाय कराचीहून.

१५ मार्च

शिमगा झाला. बोटींवरचे सगळे घरी आले होते, पाड्यात नुसता गोंधळ. लाहू ओट्यावर बसून होता. कविता आश्रमशाळेतून आलीय, ती बापाला लांबूनच बघते. गेला तेव्हा चार वर्षांची होती, तिचा काय दोष.

चिमी येऊन माझ्याजवळ बसली.

"बाय, काय बोलला का तो?"

"नाय."

"तू विचारलंस?"

"मॅडम नको बोलतात."

 ती म्हणाली, "मॅडमचा भाऊ हाय का तो?"

 होळीभोवती बायका नाचत होत्या, तिला कोणी बोलावलं नाही. नवरा आहे की नाही ते ठरलेलं नसलेल्या बाईला कुठल्या घोळक्यात घ्यायचं, हे कोणालाच कळत नाही.

२२ मार्च

लाहूला सात्त्विक आहार सुरू केलाय. सुकट नाही, बोंबील नाही, ताडी तर नाहीच. चार वर्षं डाळ-रोटीवर काढलेल्या माणसाला म्हणे मूग. मी घरी गुपचूप बोंबील भाजून देते. तेवढा एक वेळ त्याच्या तोंडावर कळा येते. ही उपचारपद्धती कोणाला सांगायची सोय नाही.

आज मलाही बसवलं होतं. सगळ्यांना आडवं करून समुद्राचा आवाज लावला. लाटा येतायत, लाटा जातायत, तुमचं दुःख घेऊन जातायत. मुंबईच्या एक बाई रडल्या. लाहू उठला आणि बाहेर जाऊन चिकू निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून चिकू निवडायला लागला. मला हसू आलं, किती दिवसांनी.

किंजलबेन खूष. "बघा संगीताबेन, तो स्वतःच जमिनीला कनेक्ट होतोय."

दुखणं रेड्याला नि डाग पखालीला. बाई, त्याला समुद्र नकोय एवढंच. ते कळायला वाडी विकत घ्यावी लागत नाही.

२३ मार्च

रागाच्या भरात लिहिलं काल. एक खरं सांगायला हवं — तिथून आला की तो झोपतो. आधी झोपतच नसे.

३ एप्रिल

वर्षा मॅडमना पडवीत गाठलं. म्हटलं, तुमच्यापाशी तो बोलला असेल तर मला सांगा. जिवंत की मेलेला, एक शब्द. बाकी काही नको.

त्या म्हणाल्या, "ताई, तो माझ्याशी जे बोलतो ते मी तुम्हालासुद्धा सांगू शकत नाही. नियम आहे."

मी उठलेच. माझ्या भावाचं मरण एका परक्या बाईच्या पोटात आणि मी बाहेर चपला घालून उभी! तर त्या मागून आल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का, तो माझ्याशीही काहीच बोलत नाही. झाडांबद्दल बोलतो. थोडा धीर धरा. ज्या दिवशी आतून तयार होईल त्या दिवशी बोलेल."

धीर. चार वर्षं दुसरं काय केलं आम्ही?

९ एप्रिल

विचारलं. भर दुपारी, तो जेवत असताना विचारलं. "सुदाम बुडाला का?"

तो हातातला घास तसाच ताटात ठेवून उठला. मला वाटलं बांधावर गेला.

११ एप्रिल

सापडला. तलासरीच्या पुढे हायवेला, गुजरातच्या दिशेनं चालत होता. पायाला फोड. किंजलबेनची गाडी दोन दिवस फिरत होती, पेट्रोलचा हिशेब त्यांनी काढला नाही हे त्यांचे उपकार.

मला समोर बसवलं. बोलल्या त्या किंजलबेन. महिन्याभराची मेहनत मी एका मिनिटात पाण्यात घातली. जखमेवरची खपली काढली. तो परत बोटीवर, म्हणजे जिथे त्याला दुःख झालं तिथेच निघाला होता, असं असतं म्हणे या आजारात. "संगीताबेन, तुमी प्रॉमिस करा. परत विचारायचं नाय."

शपथ घेतली मी, कविताच्या डोक्यावर हात ठेवून. कारण घाबरले होते. हायवेला ट्रक कसे जातात मला माहीत आहे.

आईलाही सांगितलं, तूही विचारू नको. आई म्हणाली, "मी कुठं विचारते? मी त त्याच्या तोंडाकडं बघते निसती."

१८ एप्रिल

महालक्ष्मीची जत्रा चालू आहे. गेलो नाही.

चिमीचं काही खरं नाही. जेवत नाही. डहाणूची एसटी यायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभी राहते आणि गेली की परत येते. लाहू आल्यापासून हे वाढलंय. तो येण्याआधी बरी होती, कामाला तरी जायची.

नविन परत येऊन गेला. रानशेतचा, घोलवडच्या नर्सरीत कलमं बांधतो, बायको वारलेली. सरळ माणूस आहे. आईलाच विचारलं त्याने, चिमीला पाठवता का, मी पाट लावून नेतो. आई म्हणाली, पोरीची मर्जी. चिमी म्हणाली, "माझा नवरा हाय का नाय त्याचाच ठाव नाय. मी दुसऱ्याच्या घरात कशी रिगू? उद्या हा दारात आला त?"

नविनने मान हलवली नि उठला. थांबतो म्हणाला.

लाहू तिथेच भिंतीला टेकून बसला होता. चिमीकडे बघत होता. मी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं पाहिलं. विचारलं नाही.

२४ एप्रिल

चिमीचं मीच सांगितलं वर्षा मॅडमना. त्या घरी आल्या, तिच्याशी बोलल्या, आईशी बोलल्या. आजवर कोणी आईशी असं बसून बोललं नव्हतं, एवढं कबूल करायला हवं. जाताना म्हणाल्या, तुम्ही सगळेच अडकलेले आहात, एकटा लाहू नाही. शोक अर्धवट राहिलाय. निरोप दिल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. तुमच्यात काही रीत आहे का?

रीत आहे. देह नाही मिळाला तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला जाळायचं, मग दिवस घालायचे. आई आजवर ऐकत नव्हती. आज पहिल्यांदा नको म्हणाली नाही.

किंजलबेनना हे फोनवर कळलं तर त्या एकदम, "किती सुंदर!" माझा भाऊ जाळायचाय आणि किती सुंदर.

२७ एप्रिल

बाबल्या भगताला विचारलं. किंजलबेन स्वतः आल्या बघायला, पारंपरिक उपचार आणि आधुनिक उपचार हातात हात घालून चालले पाहिजेत म्हणाल्या. बाबल्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, पुटपुटला, परत टाकले. म्हणाला, पाण्यात हाय. वाट मागतोय.

आई रडली नाही. "मंग देव त्याला वाट," म्हणाली.

म्हणजे आता मॅडम, किंजलबेन आणि भगत तिघांचं एकमत आहे. तिघांपैकी एकही त्या बोटीवर नव्हता. जो होता तो दारात उभा होता, आणि त्याला विचारायचं नाही.

४ मे, रविवार

झालं.

सकाळी पळसाची पानं आणली. आईने स्वतः माणूस बांधला. हात, पाय, डोक्याला नारळ. वर सुदामचा निळा सदरा घातला. चिमीने तो चार वर्षं धुऊन धुऊन ठेवलेला, इस्त्री केल्यासारखी घडी होती.

आमचा बाप नाही, दुसरा भाऊ नाही. आग लाहूनेच द्यायची असं ठरलं. वर्षा मॅडमनी त्याला आधी बाजूला घेऊन विचारलं होतं, जमेल का, नको असेल तर नको म्हण. तो काहीच बोलला नाही. न बोलणं म्हणजे हो, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

चूड हातात दिली. त्याला ती धरवेना, नविनने मागून हात धरला. आग लागली आणि लाहू ओरडला. शब्द नाही, नुसता आवाज. मग जमिनीवर आपटून घेतलं स्वतःला. मी बारा वर्षांत या माणसाला असं रडताना पाहिलं नाही. पोलीस धरून न्यायला आल्यासारखा "नाय नाय" करत होता. मी त्याच्या पाठीवर पडले. माझाच भाऊ जळत होता आणि मी नवऱ्याला सांभाळत होते.

चिमीच्या बांगड्या आईने फोडल्या. 

किंजलबेन लांब उभ्या होत्या, हात जोडून, डोळ्यांत पाणी. मोबाईल मात्र चालू होता. नंतर मला मिठी मारून म्हणाल्या, "आज तो मोकळा झाला, संगीताबेन. आपण याचीच वाट बघत होतो."

वर्षा मॅडमनी त्यांना तो व्हिडिओ पुसायला लावला. माझ्यासमोर. त्यासाठी मी त्या बाईला मानते.

५ मे

रडले. काल वेळच मिळाला नव्हता.

लहानपणी सुदामला मी कडेवर घेऊन शाळेत जायचे, तो माझ्या पाटीवर मुतायचा. मास्तर दोघांनाही बाहेर बसवायचे. एवढंच आठवत राहिलं दिवसभर.

१६ मे

दिवस घातले. पाडा जेवला.

चिमी जेवली. नुसती नाही, मागून घेऊन जेवली आणि तिथेच आईच्या मांडीवर झोपली. संध्याकाळपर्यंत उठवली नाही कोणी. एसटी आली आणि गेली.

आई म्हणते, बरं झालं, आता वाट बघायला नको. म्हणते आणि रस्त्याकडे बघते. सवय आहे, जाईल.

मला लाज वाटते लिहायला, पण मलाही हलकं वाटतंय. चार वर्षं छातीवर जातं होतं. आता नुसतं दुःख आहे. मेलेल्या भावाचं दुःख सगळ्यांना कळतं, लोक येतात, बसतात, तांदूळ आणतात. हरवलेल्या भावाचं कोणाला कळत नाही. वर्षा मॅडमचं खरं निघालं म्हणायचं. मी त्यांना मनात किती शिव्या घातल्या.

लाहू मात्र जेवला नाही.

२९ मे

केंद्राचा कार्यक्रम झाला. कंपनीचे साहेब आले होते. पैसे पावसाळ्याआधी संपवायचे होते, त्याबरोबर लाहूचा आजारही संपला. शाल दिली, चिकूचं कलम दिलं. किंजलबेन माईकवर बोलल्या — मौनापासून अश्रूंपर्यंतचा प्रवास. टाळ्या. लाहू कलम धरून उभा, नर्सरीतून पळवून आणल्यासारखा.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटलं, आभारी आहे. लाहूच्या त्या झोपेपुरती खरोखरच आहे.

वर्षा मॅडम निघताना जवळ आल्या. म्हणाल्या, तो बरा झालाय असं मला नाही वाटत. आसवं आली म्हणजे संपलं असं नसतं. मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलते, दर महिन्याला घेऊन या. मग घुटमळल्या. "मी तुम्हाला विचारू दिलं नाही. ते बरोबर होतं का, आता मलाच कळत नाही."

मी म्हटलं, जाऊ द्या. आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही.

२ जून

लाहू आज दिवसभर नविनबरोबर होता. नविन चिमीसाठी घर शाकारतोय, हा कौलं वर देत होता. परत आला तो माझ्याकडे बघत उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. मी म्हटलं, भाकर वाढू का? बरं, म्हणाला.

७ जून

उद्या चिमी रानशेतला जाते. हिरव्या बांगड्या मीच भरल्या तिला, डहाणूहून आणून. हात पुढे करताना हसली. तिला हसताना खळी पडते, मी विसरूनच गेले होते. आईने तिला आपली कोंबडी दिली, अंडी घालणारी. सून नाही, लेक जातेय म्हणाली.

८ जून

चिमीला पोचवून आलो. परतताना लाहू रस्त्यात थांबला आणि आपणहून बोलला. सुदाम बुडाला नाही. बोट सुटायच्या दिवशीच तो वेरावळला उतरला, तिथे एका बाईपाशी राहिला. फेब्रुवारीत लाहूला नि बाकीच्यांना वेरावळला आणलं तेव्हा भेटायला आला होता. कडेवर लहान मुलगी. म्हणाला, घरी सांग मी मेलो.

"मना खोटं बोलवंना, आन खरं पन बोलवंना. तू विचारलंस त्या दिवशी त्याला आनायालाच निंगालो होतो. आजून एकदा विचारलं असतंस त सांगून टाकलं असतं."

मी तिथेच बसले. मग त्याला म्हटलं, मला सांगितलंस तेवढं पुरे. परत हे बोलायचं नाही, कोणापाशीच नाही. तो बरं म्हणाला.

घराजवळ आई भेटली. रडलीस का, म्हणाली. चिमी गेली म्हणून, असं सांगितलं.